साडेअकरा पौंडांचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन महिने होटगीत दुसरा विषय नसतो. मुलाला सोलापुरात ठेवायचे की पुण्याला धाडायचे, फी किती, वसतिगृहात नंबर लागेल का, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला कधी हाती येईल आणि बँकेने जामीन मागितला तर कोणाच्या दारात जायचे? जंक्शनच्या फलाटावर गदगकडच्या गाडीची वाट पाहणारी माणसे निम्मे मराठीत आणि निम्मे कानडीत हेच बोलत असतात. मी बँकेतून निवृत्त झालो असलो तरी गावाच्या दृष्टीने मी अजून बँकेतलाच. त्यामुळे मंजुरीपत्रे, हमीपत्रे, नामंजुरीचे शेरे असे सगळे कागद घेऊन पालक माझ्याकडे येतात. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे त्यांना वाटते. तसे नसते, हे सांगण्यासाठी मी अलीकडे एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्या विद्यार्थ्याची तसबीर आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत आहे. त्याच्या पदव्या लोकांना पाठ आहेत. पण त्या पदव्यांचा खर्च कसा भागला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल बोलतो आहे. नोकरीत असताना मी शैक्षणिक कर्जाच्या अनेक फायली हाताळल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहताना माझ्यातला कादंबरीकार संवाद रचायला उतावीळ होतो. त्याला मी बाजूला बसवले आहे. इथे फक्त फाइल उघडू या.

फाइलीतला पहिला कागद वडिलांचा. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी आणि घर मोठे. मुलांना शिकवायचे म्हणून ते साताऱ्याकडून मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला. दोन मुलांना एकदम शिकवणे झेपणार नव्हते, म्हणून थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली आणि ते कामाला लागले. धाकटा भीमराव शिकत राहिला. आपल्याकडे प्रत्येक शिकलेल्या माणसामागे असा एक न शिकलेला भाऊ किंवा बहीण असते. तिचे नाव कोणत्याही अर्जाच्या रकान्यात येत नाही.

भीमरावांना पुस्तकांचे वेड. पुस्तक हवे म्हटले की सुभेदार मुंबईत दिलेल्या आपल्या लेकीकडे जात आणि चार रुपये मागत. तिच्याकडे नसले तर दुसऱ्या लेकीकडे जात. तिच्याकडेही रोकड नसली तर तिचा एखादा दागिना घेऊन तो मारवाड्याकडे गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत नेऊन देत. तारण, कर्ज आणि मुदतीत परतफेड या तिन्ही गोष्टी यात आल्या. आमच्या भाषेत हे खाते अगदी निर्दोष होते. फरक इतकाच, की तारण बहिणींचे होते आणि पुस्तक भावाचे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच बातमी होती. चाळीत सत्काराची सभा भरली. सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक हजर होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या आधीपासून नजरेत होता. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत शिक्षण झाले आणि सुभेदारांचे हात टेकले. तेव्हा केळुसकर भीमरावांना घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी महाराजांनी पूर्वी मुंबईत जाहीर केली होती. त्याची आठवण केळुसकरांनी करून दिली. महाराजांनी मुलाला स्वतः प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. कॉलेजातले प्रोफेसर म्युलर यांनीही पुस्तके आणि कपडे दिले.

पालकांना मी इथे थांबवतो. महाराज दानशूर होते आणि त्यांची घोषणाही झालेली होती. तरीही परळच्या चाळीतला मुलगा आपणहून त्या दारापर्यंत पोचला नसता. योजना असणे आणि योजना माहीत असलेला माणूस भेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या टेबलावर आलेल्या फायलींतही हेच दिसे. ज्याला केळुसकर भेटले त्याचा अर्ज वेळेत आलेला असे. बाकीचे मुदत संपल्यावर येत.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जेमतेम पंधरवडा गेला असेल, तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. पुस्तकांसाठी दागिने गहाण ठेवणारा माणूस लेकाचे परदेशगमन पाहायला राहिला नाही.

त्याच सुमारास सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले. भीमराव महाराजांना भेटले आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्याच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारनामा झाला. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत ३ वर्षे. विद्यार्थ्याने ठरलेल्या विषयांच्याच अभ्यासात वेळ घालवायचा आणि शिक्षण संपल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची.

हा करारनामा मी बँकवाल्याच्या नजरेने अनेकदा तपासला आहे. उद्देश, रक्कम, मुदत, सगळे स्पष्ट आहे. परतफेड मात्र रोखीत नाही, आयुष्याच्या १० वर्षांत आहे. २२ वर्षांच्या, नुकतेच वडील गेलेल्या, बायको मागे असलेल्या मुलाने सही करताना काय विचार केला असेल? त्याच्यापुढे दुसरा कागद नव्हता. आजही शैक्षणिक कर्जाच्या करारावर सही करणारी मुले कलमे वाचत नाहीत. मी त्यांना वाचायला लावत असे आणि माझ्यामुळे टेबलापुढची रांग खोळंबत असे.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. साडेअकरा पौंड म्हणजे त्या काळच्या भावाने सुमारे ५६ डॉलर. यात राहणे, खाणे आणि पुस्तके भागवायची होती. त्यातूनच रमाबाईंना घरखर्चासाठी पैसे पाठवायचे होते. म्हणजे विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ही एका संसाराचीही मिळकत होती. हे आपल्याकडच्या किती घरांत चालते ते मला ठाऊक आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यावर जमा झाला की त्याच दिवशी निम्मी रक्कम बियाण्याला किंवा औषधाला जाते. यात लबाडी नसते, ती घराची गरज असते.

न्यूयॉर्कच्या पहिल्या काही महिन्यांत नव्या मोकळेपणाची थोडी भूल पडली. तिथे त्यांना कोणी जात विचारत नव्हते. पण लवकरच ते अभ्यासाला असे जुंपले गेले की दिवसाचे अठरा तास त्यातच जाऊ लागले. जेवण म्हणजे कपभर कॉफी, दोन मफिन आणि माशाचा किंवा मटणाचा एक पदार्थ. धनंजय कीरांनी त्याचा खर्च १ डॉलर १० सेंट असा नोंदवला आहे. महिन्याच्या ५६ डॉलरांतून हे वजा करा आणि घरी पाठवलेले पैसेही वजा करा. उरलेल्यात या माणसाने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० पुस्तके जमवली. नाटक, सिनेमा, मद्य यांवर पैसा गेला नाही. वसतिगृहात नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी त्यांच्या सोबत राहत होता. ही मैत्री पुढे फार मोलाची ठरली, म्हणून हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये हिंदुस्थानातील जातींवरचा निबंध त्यांनी वाचला आणि जूनमध्ये पीएच. डी. चा प्रबंध स्वीकारला गेला. मुदतीत ठरलेल्यापेक्षा जास्त काम झाले होते. पण त्यांची भूक मोठी. ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दोन्ही सुरू केले. महाराजांकडून थोडी मुदतवाढ मिळाली, पण १९१७ साली दिवाणांकडून कळवण्यात आले की शिष्यवृत्ती संपली आहे, परत या.

अभ्यास अर्धा आणि पैसा बंद! कार्यालयाच्या दृष्टीने पत्र बरोबर होते. मुदत संपली होती. पण शिक्षणाची मुदत आणि मदतीची मुदत एकाच दिवशी संपेल अशी व्यवस्था कुठल्याच राज्यात कधी झाली नाही. भीमरावांनी त्यातल्या त्यात एक शहाणपणाचे काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार बंद होताना त्यात पाचर मारून ठेवावी तसे. अडचणीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगतो. कॉलेज सोडावे लागलेच तर नुसते गायब होऊ नका, कागद करून जा.

पहिले महायुद्ध चालू होते. भीमराव एका बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती बोट पाणतीराने बुडाली. न्यूयॉर्कची पुस्तके एका मित्राकडे सोपवली होती, तीही सगळी पोचली नाहीत. सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीने ६०० रुपये दिले. त्यातले काही रमाबाईंच्या हाती ठेवून उरलेल्यात त्यांनी बडोद्याचे तिकीट काढले. म्हणजे करार पाळायला जाण्याचा प्रवासखर्चही बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून झाला.

बडोद्यात जे घडले ते पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९१७ मध्ये ते महाराजांच्या लष्करी सचिवाच्या जागेवर रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार असा काही दिवसांत मोडला. करार कोणी मोडला? कागदावर पाहिले तर कर्जदाराने. पण ज्या संस्थानाने नोकरी करून घ्यायची होती त्याच्या राजधानीत नोकराला डोके टेकायला जागा नव्हती. असली फाइल माझ्यापुढे आली असती तर थकबाकीचा शेरा मारायला माझा हात धजावला नसता. महाराजांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एकट्या राजाचा चांगुलपणा खालच्या शिपायापर्यंत झिरपत नाही.

मुंबईला परतल्यावर शिकवण्या झाल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी छोटी पेढी काढून झाली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. एवढ्या पगारावर माणूस बिऱ्हाड बदलतो आणि फर्निचर घेतो. भीमराव परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले आणि लंडनसाठी पैसा साठवू लागले. त्या साठवणुकीची झळ रमाबाईंना बसली. नवरा शिकत होता तेव्हाही काटकसर आणि कमावू लागला तेव्हाही काटकसरच. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा ताळेबंद कोणी मांडलाच तर त्यातली सर्वांत मोठी रक्कम रमाबाईंच्या नावावर पडेल.

१९२० च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि भथेनांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. भथेनांच्या कर्जाला तारण नव्हते, जामीन नव्हता, दहा वर्षांच्या नोकरीची अटही नव्हती. वसतिगृहातली ओळख एवढाच त्याचा आधार. जुलैत लंडन गाठले. सकाळी पावाचा तुकडा, माशाचा घास आणि कपभर बोव्हरिल. मग पायी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, कारण बसभाडे वाचवायचे. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. १९२१ साली एम. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला तेव्हा खिसा रिकामा होता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथून प्रबंध सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. आम्हा बँकवाल्यांना या ग्रंथाबद्दल विशेष आपुलकी आहे. उपाशी माणसाने देशाच्या चलनाचा इतका थंड डोक्याने विचार केला, याचे मला आजही नवल वाटते. बॅरिस्टरीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेव्हा पुन्हा भथेनाच धावून आले.

आणि कोलंबियाची पीएच. डी.? प्रबंध १९१६ साली स्वीकारला गेला होता, पण छापील प्रती दाखल केल्याशिवाय पदवी द्यायची नाही असा विद्यापीठाचा नियम. छपाईला पैसे कुठून आणायचे? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये निघाला आणि १९२७ साली पदवी हाती आली. स्वीकृतीनंतर ११ वर्षांनी. तो ग्रंथ त्यांनी शिक्षणातल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला. बडोद्यात जे सोसले ते सोसूनही देणे त्यांनी आपल्या पद्धतीने मान्य केले.

आता आमच्या सोलापूरकडे येतो. स्वतःचे शिक्षण संपल्याबरोबर त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडले. राहणे, जेवण, कपडे आणि वह्या-पेन्सिली सभेकडून. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही सुरू केले होते. नुसती फी देऊन भागत नाही, मुलाला झोपायला जागा आणि अंगावर कपडा लागतो, हे परळच्या एका खोलीत शिकलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. पुढे १९३७ साली ते आमच्याच तालुक्यातल्या वळसंगला विहिरीच्या उद्‌घाटनाला आले होते. ती विहीर गावाने जपली आहे.

मात्र वसतिगृहे, देणग्या, दयाळू राजे यांच्या भरवशावर सगळा समाज शिकणार नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. एका मुलाला केळुसकर भेटतात, हजारांना भेटत नाहीत. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि तीनच महिन्यांत अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. त्यात शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून दरसाल ठरावीक रकमेची मागणी होती, विशेषतः विज्ञान-तंत्रज्ञान आणि परदेशी शिक्षणासाठी. सरकारने वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले. १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. होटगीतली मुले आज भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून जो अर्ज महाडीबीटीवर भरतात, तो याच योजनेचा. तिचे नियम, मर्यादा, हप्ते बदलत गेले. आता पैसे आधार जोडलेल्या खात्यावर येतात, कधी वेळेवर आणि कधी परीक्षा झाल्यावर. उशीर झाला की पालक चिडतात आणि चिडलेच पाहिजे. बडोद्याच्या महाराजांवर भीमरावांना चिडता आले नसते, कारण ती मेहेरबानी होती. हा हक्क आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार करता येते. फाइलीतला हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो.

तरीही शिष्यवृत्ती पुरणार नाही आणि पुष्कळांना नोकरी करतच शिकावे लागेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे नोकरदार विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरत. तास आटोपून मुले आपापल्या कचेरीत वेळेवर हजर होत.